टोचलेला डबा

आवाज तसा काही मोठा नव्हता. टप्प. ताणून बसवलेला कागद बोटाने फोडावा एवढाच. पण कोरीन दचकली. हॅलिडेबाईंनी दुधाच्या पावडरीच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण काढलं होतं, विणायच्या सुईचं टोक आतल्या चंदेरी कागदावर टेकवलं होतं आणि एखाद्या तान्ह्याच्या कानात थेंब घालावेत इतक्या हलक्या हाताने सुई आत सारली होती. सुई बाहेर काढून त्यांनी ती रुमालाला पुसली, झाकण परत लावलं आणि दुसरा डबा पुढे ओढला. पुन्हा टप्प. "झालं हं, राणी," त्या म्हणाल्या. "नवा नियम आहे, आजपासूनचा. मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनाच आहे." कोरीन त्या दोन डब्यांकडे बघत राहिली. दिसायला ते होते तसेच होते. वरून कुणालाही काही कळलं नसतं.

थँक यू म्हणायची जिभेला इतकी सवय झाली होती, की मनाने काही ठरवायच्या आत ती म्हणून मोकळी व्हायची. आताही म्हणाली. वर हसलीसुद्धा. चर्चच्या त्या तळघरात फुकट दुधासाठी सगळ्याजणी हसऱ्या चेहऱ्यानेच रांगेत उभ्या असत. न हसणारी बाई इथे उद्धट ठरते, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. मागे उभी असलेली लाल केसांची एक बाई हळूच म्हणाली, "काय गं, लस टोचली वाटतं तुझ्या डब्याला?" तिच्या पलीकडची म्हणाली, "आज जरा अंग गरम होईल हो त्याचं. जपा." रांगेत खसखस पिकली. हॅलिडेबाईंच्या कानापर्यंत ते गेलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले आणि त्या जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागल्या. डोंगरावरून, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला जी बरी वस्ती आहे तिथून, एक गृहस्थ गाडी भरून डबे आणून देतात. त्यांनी गंमत म्हणून प्रत्येक डब्याच्या बुडाला पेनने एक चांदणी काढली होती. आणि परवा त्यांना तीच चांदणी इंटरनेटवर विकायला ठेवलेली दिसली. "फार दुखावले गं ते," हॅलिडेबाई म्हणाल्या. "म्हणाले, मी बाळांना देतो, बाजाराला नाही. मग काय करणार? फोडलेला डबा कुणी विकत घेत नाही, बाळाच्या पोटात मात्र जातो. यात कुणाचं काय बिघडलं, सांगा."  बाबागाड्यांची चाकं तेवढी पुढे सरकली.

कोरीनला डबे विकायचे नव्हते. हे आत्ताच्या आत्ता सगळ्या तळघराला ओरडून सांगावं असं तिला वाटलं, आणि लगेच असंही वाटलं, की विकायचे नव्हते म्हणजे काय, दुसऱ्या कुणाला द्यायचेच तर होते. तिच्या टेसाला साधी पावडर चालत नव्हती. पाच महिन्यांची पोर, पण साधं दूध पोटात गेलं की काही तासांनी ओकून ओकून लुळी पडायची, लंगोटात रक्त दिसायचं. तिला लागायची ती जांभळ्या झाकणाची पावडर, जिची किंमत वाचून माणसं डबा गुपचूप फळीवर परत ठेवतात ती. वाटपाला जांभळा डबा कधी येतच नसे. देणारी माणसं दुकानात जाणार, बाळाचं दूध म्हणून समोर दिसेल ते उचलणार. बाळाबाळांतही फरक असतो हे त्यांना कोण सांगायला गेलंय. पण पलीकडच्या उंच इमारतीत हमदी राहायची. तिच्या मुलाला आधी जांभळी पावडर लागे, त्याच्या डॉक्टरांनी ती खोकाभर मिळवून दिली होती. मग त्याला साधी चालायला लागली आणि जांभळे डबे उरले. दोन साधे द्यायचे, एक जांभळा घ्यायचा. हॅलिडेबाईंचं दूध हमदीच्या मुलाच्या पोटात जाई आणि हमदीचं टेसाच्या. कुणाचं काही अडलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी सही केली असती तर कोरीनलाही तो डबा फुकट मिळाला असता, पण मोठ्या डॉक्टरांनी दिलेली तारीख ईस्टरनंतरची, अजून काही आठवडे पुढची होती. आणि ईस्टरपर्यंत जगायचं कसं, हे विचारायला त्यांच्या फोनवर माणूस नव्हता, नुसतं संगीत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हॅलिडेबाईंना, की बाई, हे दूध माझ्या मुलीला चालत नाही. पण पहिल्यांदा रांगेत आली तेव्हा तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तोवर हमदी भेटली होती आणि सगळं सुरळीत लागलं होतं. चालत्या गाडीची कळ उगाच कोण फिरवतं? आणि खरं बोललं तर त्या भल्या बाई म्हणणार, मग डबा नको न्यायला, दुसऱ्या एखाद्या बाळाला होईल. म्हणणारच. त्यात चूक काहीच नव्हतं. म्हणून आतापर्यंत कोरीन डबे घेऊन, टेसाच्या गालाला हात लावून, "बघ, तुझा खाऊ," असं त्यांच्यादेखत म्हणत आली होती. आजही म्हणाली होती. आणि तेवढ्यात ती सुई.

बाहेर बर्फाचा काळा चिखल झाला होता. बाबागाडीची पुढची चाकं त्यात रुतत आणि दर वेळी ती मागून उचलून, वाकवून सोडवावी लागत होती. टेसा झोपली होती. सकाळी डब्याच्या कडांना चिकटलेली सगळी जांभळी पावडर खरवडून तिला एक पातळ बाटली करून पाजली होती, पाणीच जास्त. तिच्यावर किती वेळ निभणार? कोरीनने स्वतः काल दुपारनंतर काही खाल्लं नव्हतं, पण तिला भूक अशी लागत नव्हती. नुसतं डोकं हलकं होत होतं आणि वास फार येत होते. पोलादाच्या कारखान्याचा तो कायमचा जळकट वास, बेकरीतला लोण्याचा, शेजारून गेलेल्या माणसाच्या हातमोज्याचा. मूल अंगावर पीत होतं तेव्हा हे असंच व्हायचं. टेसाचा बाप ब्रेट कामासाठी पश्चिमेला गेला आणि फोन उचलेनासा झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत दूध हळूहळू आटत गेलं. तपासणीच्या वेळी नर्सने विचारलं, "तू स्वतः नीट जेवतेस ना?" तिने हो म्हटलं. जेवत नाही असं सांगितलं असतं तर ती बाई पर्समधून सँडविच काढून देणार होती का? एके दिवशी टेसा ओढून ओढून दमली, तोंड सोडून तिच्याकडे बघत राहिली, रडलीसुद्धा नाही. ते बघणं कोरीनच्या छातीत तेव्हापासून अडकून बसलं होतं. अजून आहे.

चालता चालता तिला ते डोनटचं दुकान आठवलं. टेसाच्या आधी ती तिथे कामाला होती. दुकान बंद करताना उरलेले डोनट काळ्या पिशवीत भरायचे आणि वर कॉफीचा चोथा ओतायचा, असा मॅनेजरचा हुकूम होता. कचऱ्याच्या पेटीपाशी माणसं येऊन उभी राहतात म्हणून. कोरीन ते काम फार व्यवस्थित करायची. चोथा सगळीकडे सारखा पसरेल, एकही डोनट कोरडा सुटणार नाही, अशी पिशवी हलवायची. मॅनेजर म्हणायचा, तुझ्यासारखी मुलगी मिळणं कठीण आहे. एकदा मागच्या गल्लीत लोकरी टोपीतला एक म्हातारा उभा राहून ते सगळं बघत होता.  तो फक्त म्हणाला, "चॉकलेटचे होते का?" ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "वाटलंच." आणि निघून गेला. आता त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर तिथे हॅलिडेबाईंचाच चेहरा यायला लागला, हसरा, गुलाबी, लाल कानांचा. कोरीनला हसू आलं आणि हसताना लक्षात आलं, की आपण अर्धा रस्ता रडतोच आहोत.

हमदी तिच्या इमारतीच्या धुलाईच्या खोलीत भेटली. तिथे यंत्रांची ऊब होती आणि साबणाचा गोड वास. तिचा मुलगा इल्यास धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीतच झोपला होता. बाकावर तिच्या शेजारी पिशवीत जांभळं झाकण दिसत होतं. कोरीनची नजर त्या झाकणावरून हलेना. वाटेत तिने ठरवलं होतं, की काही बोलायचंच नाही. डबे द्यायचे, डबा घ्यायचा, निघायचं. पण हमदीने बोलता बोलता सहज, काही मनात नसताना, झाकण उघडलं आणि कागदावरून अंगठा फिरवला. भाजीवालीकडे टोमॅटो दाबून बघतात तितक्या सहज.

"हे काय गं?" ती म्हणाली.

"ते होय? चर्चमधल्या बाईंनी टोचलं. माझ्यासमोर. आत्ताच, तिथून सरळ इकडे येतेय मी."

"टोचलं? का?"

"आम्ही विकतो म्हणून."

हमदीने दुसऱ्याही डब्याचं झाकण काढून बघितलं. "मग आता हे कोण घेणार?"

"तू घे ना. हमदी, मी हातसुद्धा लावलेला नाही आत. तुझ्याशी मी कशाला खोटं बोलेन?"

"तू नाही बोलणार. ते मला माहितेय," हमदी म्हणाली. "पण घरात नणंद आहे. तिला काय सांगू? ती तर मलाच फाडून खाईल. आणि तू खरं सांग मला, मी असा फुटका डबा तुझ्या हातात ठेवला असता, तर तू टेसाला त्यातलं पाजलं असतंस?"

 नसतं पाजलं. याच इमारतीत मागच्या हिवाळ्यात कुणीतरी पावडरीत पॅनकेकचं पीठ मिसळून डबा विकला होता. ते बाळ किती दिवस आजारी होतं, हे सगळ्या बायकांना पाठ होतं. कोरीन स्वतः तेव्हापासून सील बोटाने चाचपल्याशिवाय डबा घेत नसे. हमदीच्या डब्याचंसुद्धा चाचपत असे, तिच्यादेखत. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"मग आजच्यापुरती थोडी पावडर दे त्यातली," ती म्हणाली. "एका बाटलीपुरती. सकाळपासून काही नाहीये गं तिच्या पोटात."

हमदी हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालायला लागली. "सील फोडलं की माझ्याही डब्याची तीच गत. संध्याकाळी एकजण येतेय, साधे दोन घेऊन. इल्यासला आज रात्रीचं नाहीये घरात. असतं तर मी तुला..." तिने घडी पुन्हा मोडली. "रागवू नकोस."

"नाही गं. रागवायचं काय त्यात."

आणि खरंच राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. राग यायला कुणीतरी लबाड लागतं. हमदी लबाड नव्हती. हॅलिडेबाई तर नव्हत्याच. चांदणी काढणारा तो गृहस्थ, तो बिचारा पदरचे पैसे घालून गाडी भरून डबे आणत होता. आणि ज्या कुणी बाईने डबा विकायला ठेवला, तिला तरी काय हौस होती? तिची वीज तोडायला माणूस आला असेल, किंवा तिचंही मूल टेसासारखंच असेल. कोरीनने एकेकाला मनाशी उभं करून बघितलं. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता. सगळे बरोबर, आणि बाबागाडीत ही एक पोर जागी होऊन ओठ चोखायला लागलेली.

ती परत चर्चकडे वळली. तळघरात आता कुणी नव्हतं. टेबलं मिटून भिंतीला टेकवली होती आणि हॅलिडेबाई कोट घालून कॉफीचं मोठं भांडं विसळत होत्या. उजेडात त्या एकदम थकलेल्या, म्हाताऱ्या दिसल्या. कोरीनने डबे त्यांच्यापुढे ठेवले. सगळं एका दमात सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "टेसाला हे दूध चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? आवडत नाही का?"

"रक्त पडतं तिला."

हॅलिडेबाईंनी नळ बंद केला. बाबागाडीकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं. "मग इतके दिवस नेत होतीस ते?"

"बदलून घ्यायचे मी. एक बाई आहे, तिच्या मुलाला चालतं. आता ती घेत नाही. फोडलेलं आहे म्हणून."

"अगं, मग हे आधी सांगायचंस ना मला." त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच कोरीनला सहन झालं नाही.

"मला दुसरे दोन द्या ना. न टोचलेले. तुम्ही म्हणाल तिथे घेऊन येते मी त्या बाईला, तुमच्यासमोर बदलते. मी विकणारी नाही हो."

"मला माहितेय राणी. तुला बघूनच कळतं." हॅलिडेबाई खुर्चीवर बसल्या. "पण तुला दिले तर दुसरीला नाही कोणत्या तोंडाने म्हणू? मला कळतंय, गं. पण माझ्या कळण्याला कोण विचारतो? त्या गृहस्थांना मी शब्द दिलाय. त्यांनी हात आखडता घेतला तर इथे टोचायलासुद्धा डबा उरणार नाही. मग बाकीच्या पोरांनी काय करायचं?"

"मग हे तरी ठेवून घ्या. दुसऱ्या कुणाला द्या."

"टोचलेला परत घेता येत नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सोमवारी नर्स येते इथे. तिला भेट. ती काहीतरी करेल, नक्की करेल."

"आज गुरुवार आहे."

"हो ना. हो गं." त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, दाखवायला नाही. "तू थोडं अंगावर पाजून बघ ना. कधी कधी येतं परत."  मग हॅलिडेबाई उठल्या, आपल्या पिशवीत हात घालून त्यांनी एक पिवळी लोकरीची टोपी काढली आणि वाकून टेसाच्या डोक्यावर बसवली. "कान उघडे होते बघ तिचे." टोपी छानच होती, कडेला बारीक वेलबुट्टी. त्याच सुईवरून तिचे टाके उतरले असणार. टेसा त्यांच्याकडे बघून रडायला लागली. कोरीन थँक यू म्हणाली.

कोरीनची खोली एका बंद पडलेल्या दुकानाच्या वर होती. जिन्यात टेसाचं रडणं घुमलं आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. घरात येऊन तिने तांदूळ उकळले, वरचं पाणी गाळून निववलं आणि बाटलीत भरलं. टेसाने दोन घोट घेतले, थांबली, तोंड वाकडं केलं आणि फसवल्यासारखी किंचाळली. कोरीनने शर्ट वर करून तिला छातीशी धरलं. टेसाने ओढलं, एकदा, दोनदा, मग मान मागे टाकून अशी रडली की तिच्या टाळूची शीर उडताना दिसायला लागली. तिला कुठे काय दुखतंय हे कोरीनला रडण्यावरून ओळखता यायचं; झोपेचं वेगळं, ओल्याचं वेगळं. हे भुकेचं. यात दुसरं काहीच मिसळलेलं नव्हतं. खिडकीबाहेर लवकर अंधारून आलं होतं आणि कारखान्याच्या धुराड्यावरची ज्योत आता लाल दिसत होती. हळूहळू टेसाचा आवाज बारीक व्हायला लागला. तोच जास्त भीतीचा होता. जोरात रडणाऱ्या मुलात अजून काहीतरी शिल्लक असतं.

सोमवार. मधे शुक्रवार, शनिवार, रविवार. महिन्याचा सरकारी चेक भाड्यात गेला होता. आई होती ती दूर थंडर बेमध्ये, दुसऱ्या नवऱ्याच्या घरात, आणि फोन केला की आधी तो उचलायचा. कोरीन टेसाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती आणि दर फेरीला ओट्यावरच्या त्या दोन डब्यांवरून नजर जात होती. मग तिला हॉस्पिटल आठवलं. म्हणजे ते आठवत होतंच, हमदीच्या इमारतीतून निघाल्यापासून, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. टेसाला पहिल्यांदा रक्त पडलं ती दुपार. अँब्युलन्स आली होती. माणसं धावली होती. टेसाला हातोहात आत नेलं आणि कोरीनला कुणीतरी खुर्ची दिली, खांद्यावर गरम पांघरूण टाकलं, जॅम लावलेले टोस्ट आणून दिले. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. आणि मग एक नर्स जांभळ्या दुधाच्या तयार बाटल्या घेऊन आली. छोट्या, तळहातात मावणाऱ्या, ओळीने मांडलेल्या. टेसा पीत होती आणि झोपत होती, उठत होती आणि पीत होती. दोन दिवस. कुणी पैशाचं नाव काढलं नाही. निघताना उरलेल्या बाटल्यांची पिशवीसुद्धा नर्सने तिच्या खांद्याला अडकवून दिली होती.

आताही तिथेच जावं. जाऊन सांगावं, घरात दूध नाही. पण तसं सांगणारी शेली होती, खालच्या गल्लीतली. बाळ भुकेलं आहे म्हणाली, सरळ, खरं खरं. तिलाही खुर्ची दिली होती. मग बालकल्याण खात्यातली एक बाई येऊन समोर बसली आणि विचारू लागली, दूध का नाही, किती दिवस नाही, बाप कुठे आहे, घरात आणखी कोण राहतं, तू नशेचं काही घेतेस का. शेलीचा मुलगा आता त्यांनी बर्लिंग्टनला दुसऱ्या लोकांकडे ठेवलाय. ती त्याला शनिवारी भेटते, टेबलापलीकडून. आजारी मुलाच्या आईला टोस्ट देतात आणि उपाशी मुलाच्या आईची चौकशी करतात. यात काही गुपित नव्हतं. रांगेतल्या प्रत्येक बाईला ते माहीत होतं, म्हणून तर सगळ्या हसत उभ्या असायच्या.

कोरीन ओट्यापाशी थांबली. तिला जे सुचलं ते सुचल्यासारखं वाटलंच नाही. कधीचं तिथे येऊन बसलं होतं आणि ती त्याच्याभोवती फेऱ्या मारत होती. नाही, ती मनात म्हणाली. असं कुणी करतं का? वेड लागलंय तुला. टेसाने खांद्यावर तोंड घासलं, शर्टाची शिवण ओठांत पकडली आणि चोखायला लागली. कापडातून काही येईना तेव्हा तिने ती सोडली आणि नुसती कण्हत राहिली. कोरीनने पाणी तापवलं. मनगटावर थेंब टाकून बघितला. डब्याचं झाकण काढलं, कागदाला पडलेल्या त्या बारीक भोकात बोट घालून तो टरकन फाडला. पावडर मऊ होती, पांढरी, अगदी चांगली. तिने चमचे भरून, सुरीने सपाट करून, डब्यावर लिहिलंय तितकेच घातले. कित्येक दिवसांत इतकी दाट बाटली तिने केली नव्हती.

टेसाला वास लागला तशी ती दोन्ही हातांनी बाटलीवर झडप घालून लटकली. काय प्यायली पोर. घटाघटा, डोळे मिटून, मधेच सुस्कारे टाकत. घामाने तिच्या कपाळावरचे केस चिकटले, मुठी सैल झाल्या, पायाची बोटं सुखाने उघडमीट व्हायला लागली. कोरीन तिच्याकडे बघत होती. आपलं मूल पोटभर पितंय, एवढंच ते दृश्य होतं. कुठल्याही आईला कौतुक वाटावं असं. तिलाही वाटलं. मधेच टेसाने डोळे उघडले आणि बाटली तोंडात तशीच ठेवून तिच्याकडे बघून हसली, ओठांच्या कडेने दूध ओघळलं. कोरीनने ते बोटाने पुसलं. बाटली काढून घ्यावी असं तिच्या हाताला वाटलं, नक्की वाटलं, हात उचललाही गेला. पण टेसाने तिचं बोट पकडलं आणि मग तिने काही केलं नाही.

बाटली संपली. टेसाने मोठी ढेकर दिली आणि स्वतःच दचकली. कोरीनने तिचा लंगोट बदलला, जाड अंगडं चढवलं, मोजे घातले. स्वतः कोट घातला, बूट घातले, नाड्या नीट बांधल्या, फोन खिशात टाकला. मांडीवर एक टॉवेल पसरला. हॉस्पिटलमध्ये विचारलं तर काय सांगायचं ते ती मनाशी जुळवत होती: कुणीतरी चुकून दिलं, डबा सारखाच दिसतो, मला कळलंच नाही. तिथली ती हळू आवाजात बोलणारी नर्स असली तर बरं. मागच्या वेळी बराच वेळ गेला होता ओकाऱ्या सुरू व्हायला. आणि तिच्या मनात आलं, की थोडक्यावर भागलं तर ते घरीच पाठवून देतील, औषध देऊन. फार नको, पण थोडंही नको. ती कुणाला तरी हे सांगत होती, मनातल्या मनात, हात जोडून सांगतात तशी, आणि ते कळल्यावरही तिने सांगणं थांबवलं नाही. पलंगाच्या कडेवर ती कोट घालून बसून राहिली. टेसा तिच्या कोटाचं बटण धरून खेळत होती. तिचं पोट भरलेलं होतं आणि ती खूश होती.